जॉब गार होईपर्यंत

५ फेब्रुवारी

प्रिय,

(हा शब्द लिहून खोडला होता. खोडलेला कागद फार वाईट दिसायला लागला म्हणून नवा घेतला, तर हाताने पुन्हा तोच शब्द लिहिला. आता राहू दे.)

तुझा पत्ता तुझ्या रूममेटकडून मिळवला. आधी देत नव्हती. ‘तुझ्यामुळे तिचं झालं तेवढं पुरे,’ म्हणाली. माझ्यामुळे? मी तिथेच भांडणार होतो, पण पत्ता हवा होता म्हणून गप्प बसलो. मी गप्प बसलो हे तुला खोटं वाटेल. तिला विचार.

तिनेच सांगितलं की तू सगळं सामान बांधून घरी गेलीस. फेरपरीक्षेचा अर्ज दिलायस, त्याचा निकाल मार्चअखेर लागेल, आणि अर्ज नाकारला तर तुझे वडील तुला परत पाठवणार नाहीत. ‘एका विषयात नापास झालीस तरी शिक्षण बंद,’ असं त्यांनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं. तू ते मला हसत हसत सांगितलं होतंस. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं. तू नापास होशील, तेही वर्कशॉपमध्ये, असं कोणाला वाटलं असतं?

मायक्रोमीटरने मुद्दाम केलं. माणसाकडेही एक डोळा मिटून बघतात म्हणून आपणच सरांना ठेवलेलं हे नाव. आता मला ते शिवीसारखं वाटतं. परीक्षेत तू कातलेला लोखंडी जॉब म्हणे दोन शतांश मिलिमीटरने बारीक भरला. दोन शतांश! केसाचे चार उभे भाग केले तर त्यातला एक. एवढ्यासाठी माणसाचं वर्ष घेतात? म्हणून मी त्यांच्या टेबलावर मूठ आपटली, ओळखपत्र फेकलं आणि कॉलेज सोडलं. तुझ्यासाठी सोडलं. निदान एक माणूस तुझ्या बाजूने उभा राहिला, एवढं तरी लक्षात ठेव.

गेटपाशी तू मला जे विचारलंस, त्याचं उत्तर मी तिथेच दिलंय. ते पुन्हा विचारू नकोस.

बरं, बातमी. आमच्या घरी लेथ आलंय. खरंखुरं, लोखंड कातणारं, परदेशी, आठशे किलोचं.

माझा मामा जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात टर्नर होता, हे तुला माहीत आहे. एकतीस वर्षं तो याच एका लेथसमोर उभा राहिला. कारखाना बंद झाला तेव्हा निरोपाला बाकीच्यांनी घड्याळं घेतली, मामाने मशीन मागितलं. ते त्याच्या जन्माआधी बोटीतून आलं होतं. त्यावर पितळी पट्टी आहे आणि पट्टीवर ज्या गावी ते बनलं त्या गावाचं नाव. आमच्या घरात ते प्रत्येक जण वेगळं वाचतो. आई तर रोज वेगळं वाचते. मामा राहतो तिसऱ्या मजल्यावर, म्हणून मशीन आमच्या पुढच्या खोलीत. खिडकी चौकटीसकट काढली, खाली लोखंडी पाइप घातले आणि चार हमालांनी ते इंचाइंचाने आत ढकललं. मामा मागून ओरडत होता, ‘हळू रे! तो माणूस नाही, पडला तर परत उठणार नाही!’

आई सगळं होईपर्यंत दारात उभी. शेवटी म्हणाली, ‘सून आणायच्या वयात हे आणलंस.’

मशीन चालवायला मी, शिकवायला मामा. त्याचे हात आता थरथरतात. ते तो खिशात घालून स्टुलावर बसतो आणि माझे वापरतो. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. मी समोर उभा असताना आईला म्हणतात, ‘त्याला सांग.’ त्यांची पेपर वाचायची खुर्ची आता खिडकी आणि मशीन यांच्या मधल्या वीतभर जागेत आहे. तिथून ती हलवायला ते तयार नाहीत, आणि मशीन हलणं तर शक्यच नाही.

उत्तर पाठव. रागाचं असलं तरी.

२० फेब्रुवारी

प्रिय,

उत्तर नाही. ठीक आहे. मी तरी कुठे वाट बघतोय. (पोस्टमन आता मला लांबूनच मान हलवून ‘नाही’ म्हणतो.)

पहिला आठवडाभर मामाने मला बटणाला हात लावू दिला नाही. रॉकेल, चिंध्या आणि जुना दात घासायचा ब्रश. काळ्या घट्ट तेलाच्या थरांखालून हळूहळू हिरवा रंग वर आला. गिअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले आकडे निघाले. वरचे मामाचे, खालचे त्याच्या आधीच्या टर्नरचे, आणि अगदी खाली, एक आणि सात वेगळ्याच वळणाने काढलेले, परदेशातल्या कुणाचे तरी. मी चिंधी टेकवणार एवढ्यात मामा ओरडला, ‘ते पुसलंस तर घरात पाऊल ठेवणार नाही.’ मग स्टुलावरून वाकून बघत बसला. म्हणाला, ‘हा सातवाला कोण होता कोण जाणे. पण मापाला पक्का होता.’

मग मशीन सुरू झालं. सुरू होताना घरातले दिवे क्षणभर मिणमिणतात, आणि शेजारच्या काकू भिंतीवर थाप मारतात. त्यांनी आईला विचारलं, ‘मुलाला जॉब लागला का हो?’ मशीनवर कापायला लावलेल्या लोखंडाला जॉब म्हणतात आणि तो धरणाऱ्या फिरत्या पकडीला चक, हे आई मामाकडून नुकतंच शिकली होती. म्हणाली, ‘लागलाय की. चकात लागलाय. सकाळपासून गरगर फिरतोय.’

पहिला जॉब मी वाया घालवला. डायलवर पन्नास रेघा फिरवल्या, कॉलेजच्या मशीनवर फिरवायचो तशा. पट्टा किंचाळला, मशीन गुरगुरलं, आणि एक्केचाळीसचा जॉब चाळीसवर यायचा तो साडेअडतीसवर आला. मामा शांतपणे म्हणाला, ‘हे इंचातलं मशीन आहे. याची रेघ तुझ्या रेघेच्या अडीचपट. आधी का नाही विचारलंस?’ मी म्हणालो, मला वाटलं रेघ ती रेघ. बाबांनी पेपराआडून आईला सांगितलं, ‘त्याला सांग, विचारायला कुणी बंदी केलेली नाही.’

रोज चारच्या सुमाराला मला सात नंबरचं मशीन आठवतं. आपलं. दोघांत एक मिळालं म्हणून तू पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं होतंस. चार वाजता वरच्या झरोक्यातून उन्हाची पट्टी यायची आणि नेमकी तुझ्या हातांवर पडायची. तू बाह्या दोनदाच दुमडायचीस, तीन वेळा कधीच नाही. हँडल फिरवताना पुटपुटत मोजायचीस. मी मध्येच चुकीचा आकडा बोलायचो आणि तू न चुकता पुढचा बरोबर आकडा म्हणायचीस. कापताना जॉबवर सोडायचं ते दुधासारखं पाणी आपल्या वह्यांना लागायचं आणि वह्यांना कॉलेजभर एकच वास यायचा. तू म्हणाली होतीस, हा वास मला म्हातारपणीही ओळखू येईल. मी म्हणालो होतो, तेव्हा शेजारी मीच असेन. तू डायलकडे बघत म्हणालीस, ‘सत्तावीस, अठ्ठावीस.’

ते ‘हो’ होतं की ‘नाही’, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

४ मार्च

प्रिय,

आज चाळीसचा जॉब बरोब्बर आला आणि मी नाचलो. मग तो बरोबर नव्हता.

काय झालं ते सांगतो. लांब कट घेतला, छान निळसर कीस निघाला, तसंच लगेच मोजलं. चाळीसच्या वर दोन शतांश. म्हटलं जास्त आहे, अगदी हलका हात फिरवला, रेघेच्या निम्म्याहून कमी, आणि पुन्हा मोजलं. चाळीस. मी आईला ओरडून सांगितलं, बाबांना ऐकू जाईल इतक्या जोरात. चहा झाला. मग मामाने मोजायचा मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. ‘आता मोज.’

चाळीसला दोन शतांश कमी.

‘असं कसं? मघाशी चाळीस होता!’

‘मघाशी गरम होता. अरे, गरम जॉब कुणी मोजतं का? लोखंड तापलं की फुगतं. गार होऊ द्यायचा, मग मोजायचा. किंवा चांगला टर्नर असेल तर तो मुद्दाम तेवढं जास्त ठेवतो आणि गप्प बसून वाट बघतो. तुमच्या कॉलेजात हे सांगत नाहीत?’

सांगत असतील. त्या तासाला मी नव्हतो. लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून तुला पत्र लिहीत होतो. तू नंतर त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या होत्यास.

मामाने विचारलं, ‘चेहरा का पडला एवढा? एक जॉब गेला, दुसरा लाव.’ मी म्हणालो, भूक लागलीय.

आज एवढंच.

६ मार्च

दोन दिवस मशीन बंद आहे. मामा येऊन बसतो, वाट बघतो, जातो.

गेटपाशी तू मला विचारलंस, ‘माझ्या जॉबला तू हात लावलास का?’ मी म्हणालो, ‘नाही.’ वर तुलाच विचारलं, ‘माझ्यावर संशय घेतेस?’ आणि चिडलो. लोक बघत होते. तू ‘बरं’ म्हणालीस आणि निघून गेलीस.

लावला होता.

परीक्षेत आपल्याला शेजारशेजारची दोन मशीनं मिळाली होती. तू जॉब चकात ठेवलास, मशीन बंद केलंस आणि हात धुवायला गेलीस. मला वाटलं घाईत तुझं मोजायचं राहिलं. सर तीन मशीन सोडून होते. मी वाकून मोजलं. चाळीसच्या वर दोन शतांश. वरखाली एकच शतांश चालणार होता. म्हटलं, ही नापास होणार. बटण दाबलं, एक रेघ पुढे घेतली, कट फिरवला, बंद केलं, पुसलं. वीस सेकंदं लागली असतील. मोजलं, चाळीस. माझ्या जागी येऊन उभा राहिलो. तुला वाचवलं, या आनंदात माझा स्वतःचा जॉब कसा झाला ते आठवतही नाही. संध्याकाळी पायऱ्यांवर तुला सांगायचं, तू आधी रागावशील आणि मग हसशील, इथपर्यंत सगळं मनात झालं होतं.

तू मोजायचं विसरली नव्हतीस. तू वाट बघत होतीस.

निकाल संध्याकाळच्या आधीच आला, तेव्हा मी खरंच समजलो होतो की सर खोटं बोलतायत. मीच मोजला होता ना, चाळीस! पण ते बोललो असतो तर हात लावला हे कबूल करावं लागलं असतं. म्हणून बाकी सगळं बोललो. मूठ आपटली, ओळखपत्र फेकलं. दोन महिने मी घरीदारी सांगत फिरतोय की मी तुझ्यासाठी कॉलेज सोडलं. आईने काकूंना सांगितलं, काकूंनी सगळ्या गल्लीला.

चूक माझी आहे हे मला परवा कळलं. हात लावला होता हे मात्र पहिल्यापासून माहीत होतं. त्यामुळे ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणून सुटता येत नाही. मी परवापासून म्हणून बघतोय.

यावर काही लिहू नकोस. मी उद्या कॉलेजात जातो.

१५ मार्च

प्रिय,

उद्या उद्या करत आठ दिवस गेले. दोनदा गेटपर्यंत जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा आत गेलो.

सर वर्कशॉपच्या काचेच्या खोलीत. मला बघून एक डोळा मिटला. ‘या. टेबल तोडायचं राहिलंय थोडं, ते पुरं करायला आलात?’

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. घरून पाठ करून गेलो होतो, पण तिथे उलटं-सुलटं आलं. मग त्यांनी कपाट उघडून तेलकागदात गुंडाळलेला तुझा जॉब टेबलावर ठेवला. तुझा नंबर लावलेला.

‘शेवटचा कट तिचा नाही, हे मला त्याच दिवशी दिसलं होतं. तिचं काम बारीक असतं. ही खरखर बघा. कुणीतरी घाई केलीय.’

‘मग तिला नापास का केलंत?’ माझा आवाज पुन्हा चढला. ओळखतेस ना मला.

‘मी तिला विचारलं, तुझ्या मशीनवर दुसरं कुणी आलं होतं का? म्हणाली, नाही सर. मी विचारलं, शेजारचाही नाही? तर म्हणाली, मी त्याला विचारलंय सर, तो नाही म्हणालाय.’ त्यांनी जॉब पुन्हा कागदात गुंडाळला. ‘एवढं ठामपणे सांगितल्यावर मी कागदावर काय लिहायचं, तुम्हीच सांगा.’

त्यांनी एक मारली असती तर बरं झालं असतं.

तू माझा ‘नाही’ उचलून तसाच त्यांच्यासमोर ठेवलास. मी तो गेटपाशी नुसता फेकला होता.

मग त्यांनी कोरा कागद दिला. ‘लिहा. तुमच्या हाताने.’ लिहिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि लाल पेनने एका ठिकाणी रेघ ओढली. मी लिहिलं होतं, ‘तिच्या भल्यासाठी मी कट घेतला.’ ‘तिच्या भल्यासाठी’ खोडलं होतं. ‘काय केलं, किती वाजता केलं, किती माप होतं. बाकी काही नको. पुन्हा लिहा.’ पुन्हा लिहिलं. चार ओळींत मावलं.

जाताना माझ्या काळ्या नखांकडे बघून विचारलं, ‘कुठलं मशीन?’ मी सांगितलं. पितळी पट्टीवरचं नाव त्यांनी बरोबर उच्चारलं, असं मला वाटतं. ‘इंचातलं. हं. शिकाल मग.’ आणि मी दाराबाहेर पडल्यावर, ‘तुम्हालाही पुढच्या वर्षी अर्ज करता येतो. टेबल दुरुस्त करून घेतलंय.’

घरी येऊन आई, बाबा, मामा तिघांसमोर सांगितलं. आई पदराशी चाळा करत राहिली. मामा म्हणाला, ‘दुसऱ्याच्या मशीनवर? विचारल्याशिवाय?’ त्याच्या दृष्टीने बाकी सगळं त्यामानाने किरकोळ होतं. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून माझ्याशीच बोलले.

‘तिच्या वडिलांना कोण लिहिणार?’

लिहिलं. ते पत्र याच टपालात आहे. त्यात फक्त त्या चार ओळी आहेत, आणि ‘आपल्या मुलीचं काम अचूक होतं’ ही पाचवी. तुझ्याबद्दल मला काय वाटतं ते त्यात एका अक्षराने नाही. लिहिताना जीव गेला, पण नाही.

९ एप्रिल, सकाळ

प्रिय,

तुझं कार्ड परवा आलं. ‘परीक्षा नऊ तारखेला, दहा वाजता. त्या दिवशी कॉलेजच्या आसपास दिसू नकोस.’ वर काही नाही, खाली सही नाही. मामाला दाखवलं. त्याने ते लांब धरून वाचलं. ‘दोन वाक्यं आहेत. वाईट नाही.’

म्हणून मी घरी आहे. आईने सकाळीच माझ्या चपला लपवल्या. मी म्हणालो, एवढाही विश्वास नाही का? म्हणाली, ‘आहे ना. दहा वाजेपर्यंत आहे.’ बाबा खुर्चीत. मामा स्टुलावर. मशीन बंद. मामा म्हणतो, लाव काहीतरी, हात रिकामे ठेवू नकोस. आज नको. म्हणून पेन धरलंय.

दहा वाजले.

आता तुला ड्रॉइंग मिळालं असेल. तू ते आधी उलटं धरून बघतेस, मग सुलटं. का, ते कधी सांगितलं नाहीस. आता बाह्या दुमडल्या असशील. तुझ्या शेजारी आज कोण उभं असेल? कुणीही असो, त्याला आपल्या कामाकडे बघायची बुद्धी होवो.

साडेदहा. पहिला जाड कट. तू पुटपुटत मोजत असशील आणि मध्ये चुकीचे आकडे सांगणारं कुणी नसेल.

सव्वाअकरा. आईने विचारलं, झालं का रे तिचं? बाबा म्हणाले, ‘तुला काय वाटतं, भाजी आहे?’ मामा मिटल्या डोळ्यांनी म्हणाला, ‘आता फिनिशचा कट चालू असेल.’ तुला न बघताच त्याला कळतं. खिशात त्याचा उजवा हात हळूहळू फिरतोय, मी इथून बघतोय.

तू पास झालीस की तुझ्या घरी कळेल, माझ्याकडे कळवायचं काही कारण नाही. हे पत्र टाकेन की नाही तेही माहीत नाही. तुला काही मागण्यासाठी ते लिहीत नाहीये. लिहिलं नाही तर चपला शोधायला लागेन.

पावणेबारा. आता तू मशीन बंद केलं असशील. दोन शतांश जास्त ठेवून जॉबपासून एक पाऊल मागे सरली असशील. बघणाऱ्याला वाटेल, ही नुसती उभी आहे, हिचं काहीतरी राहिलंय, हिला सांगायला हवं. वाटू दे. तू उभी राहा. हवा तेवढा वेळ घे.

जॉब गार होईपर्यंत मीही इथून उठत नाही.